हौद्यावरचे घर

घर पाठीवर घेऊन हिंडायची हौस माणसाला फार जुनी आहे. आषाढीला निघालेल्या दिंडीमागून जो ट्रक चालतो, त्यात डोकावून पाहावे. तंबू, सतरंज्या, पातेली, गॅसच्या टाक्या, शिध्याची पोती, कुणाची वळकटी, कुणाचा औषधांचा डबा. अख्खे बिऱ्हाड त्या हौद्यात सामावलेले असते. वारकरी म्हणून मोकळा चालू शकतो, कारण त्याचे ओझे कुणीतरी वाहत असते. ओझे कुणीतरी वाहायचेच असते. प्रश्न फक्त कुणी आणि किती, एवढाच.

हा 'किती' मला शिकवला तो मात्र पंढरीच्या वाटेवर नव्हे, तर सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, एका जुन्या ट्रकाच्या शोधात. आमच्या महाविद्यालयाच्या अंकात ट्रकावर लेख यावा, याचे कुणाला नवल वाटेल. 'कलाशाखेच्या मुलीला ट्रकाचे काय?' असा प्रश्न घरातही झाला होता. पण इंग्रजीच्या तासाला ज्यांनी जॉन स्टाइनबेक हे नाव ऐकले आहे, त्यांना एक गोष्ट सांगते. या लेखकाने 1960 साली पाऊण टनाच्या एका पिकअप ट्रकावर छोटे घर बसवून घेतले, डॉन किहोटेच्या घोड्यावरून त्याचे नाव 'रोसिनान्ते' ठेवले आणि चार्ली नावाच्या कुत्र्याला सोबत घेऊन तो स्वतःचाच देश पाहायला निघाला. त्या प्रवासाचे पुस्तक 1962 साली निघाले, आणि त्याच वर्षी त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. तो ट्रक आजही कॅलिफोर्नियातील सॅलिनास या त्याच्या जन्मगावी जपून ठेवला आहे. तेव्हा ट्रक आणि वाङ्मय यांचे अगदीच वाकडे नाही!

माझे मामा-मामी डेन्व्हर शहराजवळ राहतात. मामा सांगलीचे, पुलांचे इंजिनिअर. मामी वाळवे तालुक्यातल्या ऊसवाल्या शेतकऱ्याची लेक. तिकडे गेल्यावर मामींनी तीस वर्षे शाळेत गणित शिकवले. 2023 च्या जूनमध्ये त्यांनी मला सुट्टीपुरते बोलावून घेतले. का, ते तिथे पोहोचल्यावर कळले. मामींच्या डोळ्यांना एक विकार झाला होता. नजरेच्या कडेचे दिसते, पण नेमके मधले, ज्याच्याकडे पाहावे तेच, हळूहळू पुसट होत जाते. डॉक्टरांनी मुदत सांगितली नव्हती. "जे पाहायचे ते फार लांबणीवर टाकू नका," इतकेच म्हणाले होते. चाळीस वर्षे त्या देशात राहून मामींनी शाळा, घर आणि बाजार यांपलीकडे फारसे काही पाहिलेले नव्हते. मामांनी ठरवले, सप्टेंबरात निघायचे आणि ग्रँड कॅन्यनपासून समुद्रकाठच्या त्या गगनचुंबी रेडवुड वृक्षांपर्यंत सगळे तिला दाखवायचे. उपाहारगृहांचे जेवण मामींना सोसत नव्हते आणि रोज नव्या खोलीत अंधुक नजरेने चाचपडणे नको होते. तेव्हा घर सोबत न्यायचे. सगळे तेच, जागच्या जागी : चहाचा डबा उजवीकडे, दिव्याचे बटण डावीकडे.

असले घर दोन-तीन तऱ्हांचे असते. कुणी मोटारीला मागे जोडून ओढतात. कुणी इंजिनासकट अख्खी बसच घराची करून घेतात. तिसरी तऱ्हा मामांच्या मनात भरली होती. पिकअप ट्रकाच्या उघड्या हौद्यात मागून सरकवून बसवायची खोली. तिला तिकडे 'स्लाइड-इन कॅम्पर' म्हणतात. चार कोपऱ्यांना चार जॅक असतात. मुक्कामी ते खाली सोडले की खोली आपल्या पायांवर उभी राहते आणि ट्रक खालून मोकळा निघून जातो. निजायची जागा ट्रकाच्या टपावर पुढे आलेली असते. आत शेगडी, मोरी, छोटा फ्रीज, जेवायचे मेज. आपल्याकडच्या चाळीतल्या खोलीला लाजवील असा नेटका संसार! अशी एक जुनी, आठ फुटी हौद्यासाठी बनवलेली खोली शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मामांना स्वस्तात दिली होती. तिच्याखालचा ट्रक मात्र ते मुलाला देणार होते. म्हणजे घर होते, घोडा नव्हता.

लोक बहुधा आधी ट्रक घेतात आणि मग त्यावर मावेल ती खोली शोधतात. मामांचा क्रम उलटा होता, आणि तोच सुलट आहे हे मला पुढे पटले. ओझे किती, हे ठाऊक असल्याशिवाय वाहणारा निवडायचा कसा?

आमच्या घरी पहिल्याच रात्री वही उघडली. लिहिणारी मी, सांगणाऱ्या मामी. खोलीच्या दारावर कारखान्याची पट्टी होती. तिच्यावर वजन होते 885 किलो. मामींनी तो आकडा लिहूच दिला नाही. "ते कोऱ्या खोलीचं. नंतर टपावर वातानुकूलन बसवलं, बाहेर छत्री लावली, ते कुणी मोजलं?" दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांचा ट्रक एकदा खोलीसकट आणि एकदा खोलीवाचून काट्यावर नेला. फरक निघाला 1,020 किलो. मग बाकीची यादी. पाण्याची टाकी तीस गॅलनची, म्हणजे भरल्यावर 113 किलो. गॅसच्या दोन टाक्या 34. बॅटरी 27. खोली ट्रकाला जखडायच्या साखळ्या आणि त्यांचे लोखंड 45. भांडी, कपडे, अंथरूण, धान्य मिळून 140. आणि जे बहुतेक लोक विसरतात ते मामी-मामांचे स्वतःचे वजन, 134. एकूण 1,513 किलो. मामांनी वहीकडे पाहून शीळ घातली.

त्या देशात पिकअप ट्रकांना अर्ध्या टनाचा, पाऊण टनाचा, एक टनाचा अशी नावे पूर्वापार आहेत. पूर्वी कधी तेवढाच माल तो नेत असे. आता प्रत्यक्षात पुष्कळ जास्त नेतो आणि नाव मात्र जुनेच राहिले आहे. म्हणून नावावर जायचे नाही. ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडावे. चौकटीवर पट्ट्या चिकटवलेल्या असतात. एकीवर ट्रकाचे मालासकट कमाल वजन आणि पुढच्या-मागच्या आखांनी किती भार सोसावा ते असते. दुसरी टायरांची, तिच्यावर माणसे आणि माल मिळून किती वजन चालेल, ते किलोत आणि पौंडांत छापलेले असते. त्याच कारखान्यातून त्याच दिवशी निघालेल्या दोन ट्रकांचे आकडे वेगळे असू शकतात. कारण साधे आहे. कमाल वजन ठरलेले. त्यातून गाडीने स्वतःच जितके खाल्ले तितके मालाला कमी. चार दारांची केबिन घेतली, माल कमी. चारही चाकांना जोर घेतला, माल कमी. डिझेलचे जाडजूड इंजिन घेतले, माल आणखी कमी. ऐट जितकी वाढवावी तितकी पाठ दुबळी! हे वाचून काही माणसे डोळ्यांसमोर आली. पण ते असो.

पहिला ट्रक आम्ही पाहिला तो जवळच्याच एका कुटुंबाचा. अर्ध्या टनाचा, निळा, दिसायला गोजिरा. मामींनी दाराशी वाकून पाहिले. बारीक अक्षरे त्यांना लागेनात. मान तिरकी करून त्यांनी कडेच्या नजरेने प्रयत्न केला, आणि मग सरळ उभ्या राहून मला म्हणाल्या, "वाच बघू, काय लिहिलंय." मी वाचले : 735 किलो. खोली एकटीच 1,020 ची! आम्ही चहा घेऊन परत आलो.

दुसऱ्या ट्रकाने मात्र घरात वादळ उठवले. तो एका विक्रेत्याच्या अंगणात होता. पाऊण टनाचा, डिझेलचा, चार दारांचा, काळाभोर, आरशासारखा चकाकणारा. मामांनी चालवून पाहिला आणि ते तरुण झाले. जुलै निम्मा सरला होता. ऑक्टोबरात उंचावरच्या घाटांत बर्फ पडू लागते. रॉकी पर्वताच्या राष्ट्रीय उद्यानातला 3,713 मीटर उंचीवर चढणारा रस्ता तर ऑक्टोबराच्या मध्यास बंदच होतो, तो थेट मेअखेरीस उघडतो. आता नाही तर पुढच्या उन्हाळ्यात. आणि पुढच्या उन्हाळ्यात मामींना काय दिसेल, हे कुणी सांगावे? ज्या माणसाने जन्मभर पुलांचे भार मोजले, तो त्या दिवशी मोजायला तयार नव्हता. मी दारावरचा आकडा वाचला, 1,043 किलो, तो त्यांनी ऐकला न ऐकल्यासारखे केले. विक्रेता म्हणाला, "मागच्या पाट्यांना हवेच्या पिशव्या बसवून देतो. ट्रक तसूभरही बसणार नाही."

मामी शांतपणे म्हणाल्या, "बसणार नाही म्हणजे दिसणार नाही. आख तोच, ब्रेक तोच, चाकं तीच. पट्टीवरचा आकडा बदलून देता का?"

विक्रेत्यापाशी उत्तर नव्हते, कारण ते नसतेच. पिशव्यांनी ट्रकाची मागची बाजू उचलून धरली जाते. त्याची ताकद कागदोपत्री वाढत नाही. शिवाय त्या ट्रकाचा हौदा साडेसहा फुटांचा, आणि खोली आठ फुटांची. फाळका काढून टाकला तरी दीड फूट घर मागे लोंबकळणार. परतीच्या वाटेवर मामा घुश्श्यात होते. मामींनी मला, पण त्यांना ऐकू जाईल असे, विचारले, "उलाळ म्हणजे काय, ठाऊक आहे का गं?"

मला ठाऊक नव्हते. आमच्या पिढीने उसाच्या गाड्या पाहिल्या त्या एस.टी.च्या खिडकीतून. मामी सांगू लागल्या. बैलगाडीत ऊस भरताना मोळ्या मागे जास्त पडल्या, की गाडी मागे झुकते आणि धुरा वर उचलू लागते. जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहते. याचे नाव उलाळ. अशी गाडी चढाला लागली की बैलांचे पाय जमिनीवर ठरत नाहीत, आणि गाडीवान ओरडत राहतो. त्यांचे वडील प्रत्येक मोळी हाताने रचायचे. आखाच्या किंचित पुढे भार आला पाहिजे, मानेवर दाब थोडा हवा, फार नको. "तुझ्या मामांनी मोठमोठे पूल बांधले," त्या म्हणाल्या, "पण गाडी कधी भरली नाही. ट्रकाला बैल नाहीत, पुढची चाकं आहेत. मागं भार लोंबला की पुढची चाकं हलकी होणार. घाटात वळणावर चाक फिरवायचं आणि गाडीनं ऐकायचं नाही!"

हीच गोष्ट अमेरिकेतले ट्रक बनवणारे आपल्या भाषेत लिहून देतात. असल्या खोल्या वाहणाऱ्या ट्रकासोबत एक कागद येतो. खोलीचा गुरुत्वमध्य हौद्यात कुठपासून कुठपर्यंत पडला पाहिजे, याची हद्द त्यात आखलेली असते. तो पुढे मामांनी मला दाखवला. वाळव्याचा गाडीवान आणि अमेरिकेतला कारखाना यांचे एकमत पाहून मला मोठी मौज वाटली.

त्या रात्री दोघांचे बोलणे भिंतीपलीकडून ऐकू येत होते. मामा म्हणत होते, "वेळ नाही गं आपल्याकडे." मामी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला दिसेल तितकं दिसेल. पण जे पाहायचं ते भीत भीत नाही पाहायचं." त्यानंतर मामांनी काळ्या ट्रकाचे नाव काढले नाही.

तिसरा ट्रक सापडला तो ऑगस्टात, फोर्ट मॉर्गन गावाच्या बाजूला, डेन्व्हरहून सव्वाशे किलोमीटरवर. हा मुलूख साखरेच्या बीटाचा. दुतर्फा हिरवीगार पाने, पाण्याचे पाट, दूर साखर कारखान्याच्या इमारती. मामींनी काच खाली केली. "अगदी इस्लामपूरकडं आल्यासारखं वाटतंय," म्हणाल्या. बीट दिसत होते की नाही कोण जाणे. ओल्या मातीचा वास मात्र येत होता.

ट्रक एका शेतकऱ्याचा होता. फोर्ड एफ-350, सन 2012 चा. दोन दारे, आठ फुटी हौदा, पेट्रोलचे इंजिन, पांढरा रंग, जागोजागी ओरखडे. सुमारे 1,90,000 किलोमीटर चाललेला. ऐट नावाला नव्हती. जुना ट्रक पाहायची मामांची रीत मी वहीत टिपून घेतली. कुणाच्या उपयोगी पडावी. इंजिन थंड असतानाच जायचे. मालकाने आधीच तापवून ठेवले असेल, तर ते काहीतरी लपवीत आहे असे समजायचे. मग पाठीवर पडून ट्रकाखाली शिरायचे. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, ते चासीला खाते. म्हणून हातोडीने ठोकत जायचे. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर उठून घरी यायचे. कमानपाटे मोजायचे, तडा गेलेला नाही ना ते पाहायचे. गिअरपेटीचे तेल पांढऱ्या फडक्यावर घ्यायचे. लालसर हवे, काळे आणि जळकट वासाचे नको. सतरा अक्षरांचा गाडीचा क्रमांक घेऊन तिचा इतिहास मागवायचा : किती मालक, किती अपघात. आणि टायर. त्यांची नक्षी पाहून भुलायचे नाही. कडेवरच्या कारखान्याच्या क्रमांकातले शेवटचे चार आकडे वाचायचे. तिथे होते 3514. म्हणजे 2014 सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षी अजून खोल होती, पण रबर नऊ वर्षांचे. शेतकऱ्याने तोंड वेंगाडले नाही. "बरोबर आहे," म्हणाला आणि नव्या टायरांचे पैसे किमतीतून कापून दिले.

तरीही मामींचे समाधान काट्यावाचून होईना. महामार्गावर ट्रकांच्या थांब्याला वजनकाटे असतात. थोड्या पैशांत पुढच्या आणि मागच्या आखाचे वजन वेगवेगळे छापून मिळते. शेतकऱ्याला शेजारी बसवून ट्रक तिथे नेला, टाकी पुरी भरली, सगळे खाली उतरलो. ट्रकाचे वजन 2,948 किलो. दारावरच्या पट्टीवर कमाल 4,853. मी वजाबाकी करण्याआधीच मामी म्हणाल्या, "एक हजार नऊशे पाच." आणि पहिल्यांदाच हसल्या. 1,513 चे ओझे, 1,905 ची पाठ. व्यवहार साडेसतरा हजार डॉलरांना ठरला.

खोली चढवण्याचा दिवस सणासारखा गेला. चार जॅकांवर खोली उंच उभी, आणि मामा ट्रक मागे मागे घेत तिच्याखाली शिरत होते. दोन्ही बाजूंना चार बोटांची जागा. मामी कानाने मार्ग दाखवीत होत्या. साखळ्या ताणल्या, सामान भरले, पाणी भरले, आणि पुन्हा काटा. एकूण 4,510. वहीच्या हिशेबाहून 49 किलो अधिक! मामी मामांकडे वळल्या. मामांनी मान खाली घातली आणि मेजाखालून हत्यारांची पेटी आणि पुस्तकांचे खोके ओढून काढले. मामींनी पेटी राहू दिली, पुस्तके राहू दिली. "जागा आहे," म्हणाल्या. "म्हणूनच तर ठेवली होती." पुढच्या आखावर, मोकळ्या ट्रकाच्या मानाने, 110 किलो वाढले होते. कागद हातात धरून मी मोठ्याने वाचले, तेव्हा मामी एवढेच म्हणाल्या, "उलाळ नाही."

ऑगस्टच्या अखेरीस मी परतले. सप्टेंबरात ते निघाले. ग्रँड कॅन्यनच्या काठावरून मामींचा फोन आला, तेव्हा इथे मध्यरात्र होती. काय दिसले म्हणून विचारले. त्या म्हणाल्या, "मध्ये थोडं धुकं आहे, माझंच. पण कडा सगळ्या दिसतात, आणि इथं कडाच पाहायच्या असतात." पुढे रेडवुडची झाडेही झाली. त्या झाडांना त्यांनी हात लावून पाहिले.

आम्ही कलाशाखेची मुले 'ओझे' हा शब्द फार सहज वापरतो. अपेक्षांचे ओझे, परंपरेचे ओझे, मनावरचे ओझे. मोजत मात्र काहीच नाही. कुणी कुणावर किती टाकतो, त्याची वही कुठल्याच घरात नसते. माणसाच्या दारावर पट्टी चिकटवलेली नसते, की याच्याकडून एवढेच वाहवेल; आणि असलीच, तर ती इतकी बारीक की ज्याच्यावर ओझे आहे त्यालाही ती वाचता येत नाही. तेव्हा जवळच्या कुणीतरी वाकून, मोठ्याने वाचून दाखवावी लागते. गाडी बसली नाही, दिसायला ताठ आहे, एवढ्यावर समाधान मानू नये. पिशव्या भरून ताठ उभी राहिलेली पुष्कळ माणसे आपल्या आसपास असतात.

ती वही मी मामींपाशीच ठेवून आले. मुक्कामागणिक तिच्यात नवे आकडे पडतात, असे मामा सांगतात. मामी सांगतात आणि ते लिहितात.